पहिले दलित कार्डिनल झाले. आपल्या चर्चमध्ये काय बदललं?

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

१० ऑगस्ट जवळ येतोय. १९५० साली याच तारखेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबद्दलचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ख्रिस्ती दलिताला आरक्षणाच्या यादीबाहेर ठेवलं. देशभर आपले लोक हा काळा दिवस म्हणून पाळतात. यंदा सोलापुरात आम्ही काही घरं मिळून कार्यक्रम करतोय. हैदराबादचे कार्डिनल (कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखालचं पद) अँथनी पूला यांचं मोठं पोस्टर लावायचं आणि त्यांच्या गौरवाचा ठराव करायचा, असं बैठकीत निघालं. मी विरोध केला. बैठकीत आवाज चढले आणि मुद्दा बाजूला राहिला, म्हणून इथे नीट मांडतो.

पूलांबद्दल मला आदर आहे. जन्म १५ नोव्हेंबर १९६१, कर्नूलकडच्या खेड्यातल्या गरीब दलित घरात. सातवीनंतर पैशाअभावी शाळा सुटली. मिशनऱ्यांनी हात दिला म्हणून पुन्हा सुरू झाली. पुढे बंगळुरूच्या सेंट पीटर्स सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, शिकून २० फेब्रुवारी १९९२ ला कडप्पा धर्मप्रांतात (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) ते फादर झाले. गावोगावच्या चर्चमधली सेवा झाल्यावर दोनेक वर्षं शिकागोत शिक्षण आणि काम. परत आले ते गरीब मुलांना आणि निराधार म्हाताऱ्यांना देणगीदार मिळवून देणाऱ्या संस्थेचं कडप्प्याचं काम बघायला. २००८ मध्ये कर्नूलचे बिशप, नोव्हेंबर २०२० मध्ये हैदराबादचे आर्चबिशप, आणि २७ ऑगस्ट २०२२ ला रोममध्ये पोप फ्रान्सिस यांच्या हातून कार्डिनल. पहिले दलित कार्डिनल आणि पहिले तेलुगू कार्डिनलही. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांना निवडायला १३३ कार्डिनल बसले, त्यांत भारतीय चौघे होते. पूला त्यांतले एक.

आता माझं म्हणणं. कार्डिनल कोण व्हायचं, हे पोप ठरवतात. त्याला मतदान लागत नाही, इथल्या बिशपांचा ठराव लागत नाही. एका माणसाने रोममध्ये बसून एक चांगला निर्णय घेतला. त्याचा गौरव करून आपण मोकळे झालो, तर इथल्या कुणालाच काही करावं लागत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात स्वतःच कबूल केलं की भारतातले बहुसंख्य कॅथलिक दलित आहेत, आणि दलित बिशप मात्र फक्त बारा. अस्पृश्यता चर्चमध्येही पाळली जाते, हेही कबूल केलं. ते धोरण आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? आपल्या धर्मप्रांतात त्याचं काय झालं, हे कधी कुणी विचारलंय?

म्हणून मी दुसरा ठराव सुचवला. पुणे धर्मप्रांताने, ज्यात आपलं सोलापूर येतं, जातीचा हिशोब जाहीर करावा. फादर किती दलित, सेमिनरीत मुलं किती, पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक चर्चच्या समितीवर, कोण, चर्चच्या शाळांत शिक्षक कोण आणि झाडलोट कोण करतं. हे कागदावर येत नाही तोवर गौरवाच्या ठरावावर माझी सही नाही.

नागमणी (विडी घरकुल)

प्रकाशअण्णा, बैठकीत मी होते आणि आवाज चढवणाऱ्यांत मीच पुढे होते. आता शांतपणे सांगते.

आमची आजी तेलंगणातून सोलापूरला आली. आई आयुष्यभर विड्या वळत होती. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तिसरंच काहीतरी. आम्ही कोण, हे चर्चमध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग चेहरा बदलतो. लहानपणापासून मी धरूनच चालले होते की अल्टरवरचा माणूस आपल्यातला नसतो. आपण खाली गुडघ्यावर.

पूला कार्डिनल झाल्याची बातमी आली तेव्हा माझी आई दोनदा म्हणाली, "आपल्यातला? खरंच आपल्यातला?" हिशोबाचा कागद तिला असं वाटायला लावणार नाही.

तुम्ही म्हणता इथल्या कुणाला काही करावं लागलं नाही. करावं लागलं की. हैदराबादला याआधी दलित आर्चबिशप झाले होते, २००० साली मरमपुडी जोजी. भारतातले पहिले दलित आर्चबिशप तेच. त्या वेळी आमच्याकडच्या लोकांनी जे सोसलं, जे अर्ज केले, जे उपास केले, त्याच्यावरच पुढची पायरी उभी राहिली. पूला आकाशातून पडले नाहीत. तेलुगू बिशपांच्या परिषदेत अनुसूचित जाती आणि मागासवर्गीयांच्या आयोगाचं काम त्यांनी बघितलं, ते टोपी मिळायच्या आधी. पोस्टर लावायचंच.

आणि एक. ते ऐंशीचे होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०४१ पर्यंत, पोप निवडायचा प्रसंग आला तर मत देणार. आमच्यातला माणूस पोप निवडतो, हे लहान पोराला भिंतीवर बघू दे.

शांतवन सर (निवृत्त शिक्षक)

सर्वांना सलाम.

मी कॅथलिक नाही. आमची मंडळी, म्हणजे आमचं प्रोटेस्टंट चर्च, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. आमच्यात कार्डिनल नसतात. तरी ठरावाचं पत्र मलाही आलं, म्हणून लिहितो.

प्रकाशने पाहिलं नसेल तर इतिहासातलं एक उदाहरण देतो. मुंबईच्या आर्चबिशपपदावर एक पोर्तुगीज, नंतर एक ब्रिटिश, अशी आळीपाळी रोम आणि पोर्तुगालच्या १९२८ च्या कराराने ठरली होती. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट त्या पदावर होते. त्यांना दिसलं की देश स्वतंत्र होतोय आणि इथे भारतीय माणूस बसायला हवा. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप केलं गेलं आणि रॉबर्ट्स सगळा कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईबाहेर गेले. १९५० मध्ये राजीनामाच दिला. ग्रेशस आर्चबिशप झाले आणि जानेवारी १९५३ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी त्यांना कार्डिनल केलं. पहिले भारतीय कार्डिनल. कराचीत १९०० साली जन्मलेले, आईबाप गोव्याचे.

त्यानंतर जे घडलं ते पाहा. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्ट काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली आणि पोप सहावे पॉल आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. १९६६ ला सरकारने ग्रेशस यांना पद्मविभूषण दिलं. ख्रिस्ती म्हणजे परक्यांची माणसं, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर मरोळचे सायमन पिमेंटा आले, तेही कार्डिनल झाले. एक पद किती दारं उघडतं, हे यावरून कळतं. नागमणीचं मत मला पटतं.

प्रकाशच्या ठरावाचं मात्र पटत नाही. आपण बाप्तिस्मा घेतला तो जात टाकण्यासाठी. आता चर्चनेच पुन्हा खाती मांडून जाती लिहायच्या? माझ्या वडिलांनी आडनाव बदललं, ते मला कुणी जात विचारू नये म्हणून. मी पस्तीसेक वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, एकाचीही जात मनात धरली नाही. हे खातं उघडलं की ते बंद होणार नाही.

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

सर, तुमच्या उदाहरणात माझंच म्हणणं आहे. रॉबर्ट्सनी खुर्ची सोडली. ज्याच्या हातात होतं त्याने स्वतः मागे होऊन दुसऱ्याला पुढे केलं. पूलांच्या बाबतीत पोपने वरून दिलं, पण खाली कुणी खुर्ची सोडली? सेमिनरीच्या प्राचार्याची, शाळेच्या मुख्याध्यापकाची, ट्रस्टच्या खजिनदाराची?

बिशप कसा ठरतो, ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. पोपचे भारतातले राजदूत, ज्यांना नुन्सिओ म्हणतात, ते गुप्तपणे चौकशी करतात. काही बिशपांना, फादरांना, थोड्या प्रापंचिकांना गोपनीय प्रश्नावली जाते. त्यातून तीन नावं रोमला पाठवतात. ज्यांना विचारतात ते जर सगळे एकाच वर्तुळातले असतील, तर कुणाची नावं वर जाणार? कुणी मुद्दाम अन्याय करायची गरजच पडत नाही. म्हणून सुरुवात सेमिनरीतल्या आकड्यापासून करायची म्हणतो.

आणि कडप्प्याचं विसरू नका. पूला फादर झाले तो धर्मप्रांत. एप्रिल २०१६ मध्ये तिथले बिशप गल्लेला प्रसाद, तेही दलित, यांना रस्त्यावरून उचलून नेलं, मारलं, पैसे मागितले. पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत त्याच धर्मप्रांतातले फादर होते. मागे जातीचं भांडण असल्याचं तेव्हाच छापून आलं. दोन वर्षांनी प्रसाद यांनी पद सोडलं. अक्का, तुमच्या आईला झालेला आनंद खराच आहे. बिशप होऊनही दलिताची सुटका झाली नव्हती, हेही तेवढंच खरं आहे. पोस्टर लावायचं तर दोन्ही फोटो लावा.

सर, तुम्ही कुणाची जात मनात धरली नाही, यावर माझा विश्वास आहे. पण आपल्याच मंडळ्यांत पूर्वीचे महार आणि पूर्वीचे मांग यांच्यात सोयरिकी किती होतात? तुम्ही मला सांगा. लग्न जमवताना "कुठल्या घराण्यातले?" हा प्रश्न कशासाठी असतो? जात आपण लिहीत नाही, पण विसरलेलोही नाही.

बुधवार पेठ ५६

जय भीम. ख्रिस्ती भावंडांच्या चर्चेत बोलू का, असा विचार करत होतो. विषय आमच्याही घरचा आहे म्हणून बोलतो.

बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर वीसेक वर्षं त्यांनी सगळे धर्म तपासले. ख्रिस्ती धर्माबद्दलही त्यांनी सविस्तर लिहिलंय. ख्रिस्ती झालेल्याची जात चर्चमध्ये गेली नाही आणि चर्चने त्याच्या नागरी हक्कासाठी लढाही केला नाही, हे त्यांचं म्हणणं. दक्षिणेतल्या चर्चमध्ये वेगळे बाक, वेगळी दफनभूमी त्यांना ठाऊक होती. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत मध्ये भिंत आहे, आजही लोक त्यावर लढताहेत.

हा रोग आजचा नाही. सतराव्या शतकात रॉबर्टो दी नोबिली मदुरैत आले, ब्राह्मण संन्याशासारखे राहिले, उच्च जातींना ख्रिस्ती करायचं तर जानवं आणि शेंडी ठेवू द्या म्हणाले. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी परवानगी दिली. म्हणजे जातीला रोमची संमती चारशे वर्षांपूर्वी मिळाली आणि दलित कार्डिनल २०२२ ला मिळाला. मधल्या काळात जे मेले त्यांच्या थडग्यांना कोण उत्तर देणार?

तुमच्या पूलांचा मला द्वेष नाही. सातवीत शाळा सुटलेल्या पोराने एवढं मोठं व्हावं, यात मला आनंदच आहे. पण एका माणसाला उंचीवर बसवलं की खालची व्यवस्था सुरक्षित होते. राष्ट्रपती दलित झाले तेव्हा आम्हीही पोस्टर लावली होती. गावचं पाणवठ्याचं भांडण त्या दिवशी मिटलं नाही.

नागमणी (विडी घरकुल)

भाऊ, जय भीम. तुमचा इतिहास खरा आहे. पण मला एक सांगा, दरवर्षी १४ एप्रिलला तुमच्याकडे मिरवणूक का निघते? फोटो का लावता? कारण फोटो बघून माणूस उभा राहतो. तुम्हाला तो फोटो आहे. आम्हाला आत्ता मिळाला आणि तुम्ही म्हणता, थांबा, आधी हिशोब.

कडप्प्याच्या बिशपांचा फोटोही लावा, प्रकाशअण्णा. माझी हरकत नाही.

अमोल (जुळे सोलापूर)

मी हिंदू मातंग समाजातला. सरळ बोलतो, कुणी राग मानू नये.

चर्चमध्ये कोण कार्डिनल व्हावं, हा तुमचा प्रश्न. पण १० ऑगस्टचा कार्यक्रम आरक्षण मागायला आहे, आणि तिथे माझा संबंध येतो. १३ टक्के आमच्या वाट्याला आहेत महाराष्ट्रात. त्यात ५९ जाती. आमच्या समाजाच्या मुलाला त्यातलं काय मिळतं, ते आम्हाला विचारा. हा वाटा जातींच्या गटांत वेगवेगळा वाटावा, म्हणजे वर्गीकरण व्हावं, यासाठी आम्ही किती वर्षं मोर्चे काढतोय. आता मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी येणारी मुलं त्याच रांगेत आली तर माझ्या भाच्याचं काय?

आणि तुम्हीच म्हणता, ख्रिस्ती धर्मात जात नाही. शांतवन सर तर वरच तसं म्हणाले. मग जातीचा लाभ कशाच्या आधारावर?

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

अमोल, हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर द्यायलाच मला माझा ठराव हवा आहे.

१९८५ चा सुसाईचा निकाल बघ. सुसाई मद्रासला रस्त्याकडेला चपला शिवणारा, ख्रिस्ती झालेला. सरकारने चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला नाकारली, कारण ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की जात धर्मांतरानंतरही चालू राहते एवढं दाखवून भागणार नाही. नव्या धर्मातही तसाच, तेवढाच तीव्र त्रास होतो याची भक्कम माहिती समोर हवी. ती नव्हती.

माहिती कुणाकडे असते? चर्चकडे. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, लग्नाची रजिस्टरं, शाळांचे दाखले, दफनाच्या नोंदी. आणि चर्चच म्हणतं, आम्ही जात लिहीत नाही. मग न्यायालयात दलित ख्रिस्ती कोणता कागद दाखवणार? २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने आरक्षण धर्माशी जोडू नका अशी शिफारस केली. ती तशीच पडली. ऑक्टोबर २०२२ ला याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली. अशा आयोगासमोर आपण कार्डिनलचा फोटो घेऊन गेलो तर ते म्हणतील, बघा, तुमच्यात दलित एवढा वर जातो, मग त्रास कसला? भेदभावाचा हिशोब घेऊन गेलो तर त्यांना उत्तर द्यावं लागेल. गौरवाचा ठराव आपल्याच मागणीच्या विरुद्ध पुरावा होतो, म्हणून माझा एवढा जीव तुटतो.

तुझ्या वाट्याबद्दल. तुझी भीती मी खोटी ठरवणार नाही. १९५६ ला शीख दलित यादीत आले, १९९० ला बौद्ध आले, तेव्हाही हाच प्रश्न होता. ख्रिस्ती दलित आले तर टक्का वाढवून मागावा लागेल, आणि तो मागताना आम्ही तुमच्याबरोबर उभं राहायला हवं. वर्गीकरणाच्या तुमच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, तो मी त्याच व्यासपीठावरून बोलेन.

फक्त एवढं बघ. आपला सोलापूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. मोहोळ, माळशिरस विधानसभेला राखीव. माझ्या चुलतभावाचं कुटुंब हिंदू राहिलं, आमचं आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालं. गाव एक, वस्ती एक, विहिरीवरचा अपमान एक. तो उभा राहू शकतो, मी नाही. अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा त्याला लागू, मला नाही.

अमोल (जुळे सोलापूर)

टक्का वाढवून मागू, हे सगळेच म्हणतात. वाढत नाही. पन्नासची मर्यादा आहे. तोवर रांग तीच.

अत्याचाराच्या कायद्याचं मात्र पटलं. शिवी देणारा धर्म विचारून देत नाही. त्या कायद्याचं संरक्षण वेगळं मागा, त्याला मी सही करेन. नोकरी आणि जागांबद्दल नाही करणार.

रूथ

मी नर्सिंग करते, आई चर्चच्याच एका संस्थेत कामाला होती. नाव लिहीत नाही.

सगळा हिशोब फादर, बिशप आणि कार्डिनलांचा चाललाय. भारतातल्या चर्चचं रोजचं काम सिस्टर लोक, म्हणजे नन, करतात. दवाखाने, शाळा, बोर्डिंग, अनाथ मुलं. त्यांच्यातल्या दलित मुली कुठे असतात, हे विचारलंत का? काही मंडळांमध्ये कोण शिकायला परदेशी जातं आणि कोण स्वयंपाकघरात आणि गोठ्यात राहतं, हे मी आईकडून ऐकत मोठी झाले. पूलांनी मत दिलं पोपसाठी. सिस्टरला ते मत कधीच नाही, ती कुठल्याही जातीची असो.

ठरावात सिस्टरांचाही हिशोब मागा. नाहीतर निम्मा कागद कोरा राहील.

शांतवन सर (निवृत्त शिक्षक)

प्रकाशने सोयरिकीबद्दल विचारलं. उत्तर देतो. होत नाहीत. फार थोड्या होतात. ते मला लपवायचं नाही आणि त्याचं दुःखही आहे.

पण त्यावर उपाय रजिस्टर नाही. आज देशात वातावरण कसं आहे ते पाहा. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर धर्मांतराचे आरोप होतात. अशा वेळी आपल्याच हाताने कागद करून द्यायचा की आमच्या चर्चमध्ये अस्पृश्यता आहे? तो कागद आयोगापर्यंत पोचायच्या आधी दुसऱ्या हातात पडेल, आणि "मग ख्रिस्ती होऊन काय मिळालं?" असं आपल्याच तोंडावर फेकला जाईल. घरातलं भांडण घरात मिटवावं. चर्चमध्ये बोला, बिशपांना भेटा, पाळकांना भेटा. चव्हाट्यावर नको.

मला भीती वाटते, प्रकाश. माझ्या वयाच्या माणसाला ती वाटते. तुझा दाखला, तुझ्या मुलीची नोकरी, सगळं या कागदावर अडू शकतं.

बुधवार पेठ ५६

सर, तुमचा आदर राखून बोलतो. घरातलं घरात मिटवा, हेच वाक्य आमच्या आजोबांना गावच्या पाटलांनी ऐकवलं होतं. घरात मिटलं असतं तर चवदार तळ्यावर जावं लागलं नसतं.

आणि झाकून काही राहत नाही. बिशप परिषदेने २०१६ ला स्वतःच छापलंय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना जातीच्या भेदाबद्दल सुनावलं. तामिळनाडूतल्या कोट्टपालयमचे दलित कॅथलिक चर्चच्या सणात वाटा मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जगाला माहीत आहे. सोलापुरातच तेवढं कुणाला सांगायचं नाही?

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

सर, तुमची भीती मी हलकी धरत नाही. नावं कुठेच येणार नाहीत. आकडे मागायचे, माणसं नाहीत. कुणाच्या घरात किती, हे विचारायचं नाही. संस्थेत किती, एवढंच. तेही धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून, लेखी.

आणि "चर्चमध्ये बोला" म्हणाल, तर बोलून झालंय. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी हाच विषय काढला तेव्हा मला सांगितलं गेलं की तू फूट पाडतोस. मुलांचं बोर्डिंग, म्हणजे वसतिगृह, बंद का केलं असं विचारलं तर खर्च परवडत नाही म्हणाले. पूलांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट माझ्या लेखी रोमची नाही. सातवीत सुटलेली शाळा कुणीतरी पुन्हा सुरू करून दिली, ती आहे. आणि मोठं झाल्यावर त्या माणसाने नेमकं तेच काम हातात घेतलं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी देणगीदार शोधले. खेड्यातल्या पोराला राहायला जागा, जेवण आणि फी मिळाली तर तो कुठवर जाईल, याचा तो जिवंत पुरावा आहे. मग बोर्डिंग बंद करणाऱ्यांनीच त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा, हे मला सहन होत नाही.

रूथ, तुझा मुद्दा ठरावात घेतोय. सिस्टरांची मंडळं धर्मप्रांताच्या थेट अखत्यारीत सगळीच येत नाहीत, त्यामुळे त्यांना वेगळं पत्र लागेल. मसुदा तू करशील का?

रूथ

करते. आईलाही विचारते. ती सही करेल की नाही सांगता येत नाही, पेन्शन तिथूनच आहे.

नागमणी (विडी घरकुल)

मी पोस्टरवरून हटणार नाही, हे आधी सांगते. पण आरक्षणाच्या आयोगासमोर फोटो उलटा पडेल, हा मुद्दा मी बैठकीत ऐकलाच नव्हता. त्यावर माझी दुरुस्ती अशी. गौरवाचा ठराव नको, पत्र पाठवू. थेट हैदराबादला, कार्डिनलना. तेलुगूत मी लिहीन, मराठी प्रत तुम्ही करा. त्यात लिहायचं: तुम्ही आमच्यातले आहात. तुम्ही अनुसूचित जातींच्या आयोगाचं काम केलंय. २०१६ च्या धोरणाचं काय झालं, हे भारतातल्या सगळ्या धर्मप्रांतांना तुम्ही विचारा. मुंबईला आता जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप आहेत. त्याआधी पुण्याचे बिशप होते. त्यांनाही प्रत जाऊ दे. त्यांना सोलापूर माहीत आहे.

फोटो लावायचा आणि फोटोतल्या माणसाकडे काही मागायचंही. आजवर आम्ही मोठ्या माणसांचे फक्त आशीर्वाद मागितले.

पोस्टरवर खाली एक ओळ माझ्या मनात आहे: सातवीत शाळा सुटली होती. एवढीच.

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

पत्र मान्य. ओळही मान्य. गौरवाचा शब्द नसेल तर पोस्टरला माझा विरोध नाही, पण हिशोबाचा ठराव त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर मांडला जाईल. पोस्टर झालं, ठराव पुढच्या महिन्यात, असं चालणार नाही.

अमोल, अत्याचाराच्या कायद्याची मागणी वेगळ्या कागदावर घेतोय. त्यावर तुझी सही धरतो.

अमोल (जुळे सोलापूर)

धरा. बाकीच्यावर नाही.

शांतवन सर (निवृत्त शिक्षक)

पत्रावर मी सही करीन. बोर्डिंग पुन्हा सुरू करा, या मागणीवरही करीन, आणि आमच्या मंडळीतूनही सह्या मिळवून देईन. आकड्यांच्या ठरावावर करणार नाही. तुम्ही तो मांडाल तेव्हा मी सभेत उठून विरोधात बोलणार आहे. मला बोलू द्याल, एवढी खात्री हवी.

प्रकाश (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

सर, पहिला माईक तुम्हाला.